तीन हिसके

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती ते विचारू नका, आमच्या पणजीनंही ती ऐकूनच सांगितली.

आपल्या मोहवाडीमागचा हा कडा तेव्हाही असाच होता आणि त्याच्या पोटाला आग्या माशांची पोळी लटकलेली असत. मध काढणारा वाखाच्या दोरानं खाली उतरायचा. वर दुसरा माणूस हिरड्याच्या बुंध्याला दोराचा वेढा देऊन तो धरून ठेवायचा. हा दुसरा माणूस मेहुणा चालेल, दीर चालेल, पण बाप नको, अशी गावाची रीत होती. कड्याच्या मध्यावर एक धारदार कपार आहे ना, तिच्यात दोर अडकतो. खालच्यानं तो सोडवून तीन हिसके दिले, की मगच वर ओढायचं. आणि खाली लेकरू ओरडलं तर बापाला कुठला धीर निघतो?

नवसूला ही रीत पटली नाही. "माज्या पोराचा दोर मी दुसऱ्याच्या हातात का म्हून देऊ?" म्हणायचा. सोमा त्याचा एकुलता एक. पोरगा स्वतः बाप व्हायला आला तरी हा त्याची भाकरी फुंकून गार करून द्यायचा, असं म्हणतात. एक दिवस सोमा कड्यातून "बा!" म्हणून ओरडला. नवसूनं हिसक्यांची वाट पाहिली नाही, ओढलं. दोर कपारीवर तुटला.

त्यानंतर नवसूनं दोराला हात लावला नाही. बैलाचं दावंसुद्धा शेजाऱ्याकडून सोडवून घ्यायचा. सोमाची लेक चिंधी आईविना होतीच, आता बापाविना झाली. तिला त्यानं शेळीच्या दुधावर वाढवलं, पाठीवर बांधून नांगर धरला, तिच्या वेण्यासुद्धा घातल्या. वाकड्या घालायचा, पण घालायचा.

पण चिंधीचे पाय बापाचे. लग्न होऊन गावातच राहिली आणि कड्यावर उतरू लागली. नवसूनं हातापाया पडून पाहिलं, ती हसली. तिचा दीर लहानू दोर धरायचा आणि म्हातारा लांब, कड्याकडे पाठ करून बसायचा.

चैत्रातल्या एका सकाळी माशा हुसकायला केलेला धूर विरला आणि पोळं उठलं. माशा वर आल्या, लहानूला डसल्या, आणि तो दोर टाकून पळाला. त्याला नावं ठेवू नका, आग्या माशी भल्याभल्यांना पळवते. हिरड्याचा वेढा सरसर सुटू लागला. नवसू धावला आणि त्यानं दोर धरला.

"आबा, वढ! आबा, मेले रं मी!"

तोच कडा, तीच हाक. दोर ताठ झाला होता, जागचा सरकत नव्हता, म्हणजे तो कपारीतच अडकला होता. नवसूनं दात आवळले. माशा त्याच्या मानेवर बसल्या, कानांत शिरल्या, डोळे सुजून मिटले. हाका येत राहिल्या आणि तो ओढत नव्हता. एक हिसका आला. मग दुसरा. मग कितीतरी वेळ काहीच नाही. म्हातारा रडत होता, पण हात हलला नाही.

तिसरा आला. मग त्या सत्तरीच्या म्हाताऱ्यानं साठ हात दोर एका दमात ओढला, असं म्हणतात.

चिंधी वर आली तेव्हा त्याचं अंग माशांनी काळं झालं होतं. दिसत नसताना त्यानं विचारलं, "कोन, सोमा? आला का वर?"

चिंधीनं त्याचे हात धरले. "आला, बा. वर आला."

तेव्हा त्याची मूठ उघडली. माशा आपणहून उठून गेल्या आणि नवसू हिरड्याला टेकून कायमचा शांत झाला.

त्या दिवसापासून मोहवाडीची रीत बदलली. आता दोर बापानं धरायचा, बाप नसेल तर आज्यानं. कड्यावरून कुणीही वर येवो, पाण्याला तोंड लावण्याआधी तो म्हणतो, "आला, बा. वर आला." ते कानावर पडेपर्यंत वरचा माणूस दोर सोडत नाही.