राजाची मूठ

कातळगडच्या सर्जेराव राजांचा एक हट्ट होता. दसऱ्याच्या नेमबाजीत बंदुकीची दारू ते स्वतःच्या मुठीनं देत. मापाचं नाव काढलं की म्हणत, "राजाचा प्रसाद काय तोलून द्यायचा?"

यंदा नेमाचं मडकं पार पलीकडच्या टेकाडावर ठेवलं होतं. कसलेल्या रायाजी धायगुड्याची पहिली गोळी मडक्याच्या अलीकडे पडली, दुसरी डोक्यावरून गेली, तिसरी पुन्हा अलीकडे. पाहुणे फिदीफिदी हसले.

राजे जल्लादाकडे बघून कडाडले, "ज्या हातामुळे नेम चुकला, तो हात कलम करा!"

मांडवात राजांच्या आत्यासाहेब बसल्या होत्या. त्या पुढे झाल्या. "राजे, आधी या परातीत तीन मुठी दारू टाका बघू."

राजांनी टाकली. एक ढीग लिंबाएवढा, दुसरा पेरूएवढा, तिसरा सुपारीएवढा!

"दारू जास्त पडली की गोळी जोरानं लांब जाते, कमी पडली की आधीच खाली येते. बंदूक तीच, नेमही तोच. बदलली ती मूठ." आत्यासाहेब जल्लादाकडे वळल्या. "हुकूम झालाय ना? मग उपस तलवार!"

सगळ्यांच्या नजरा राजांच्या मुठीकडे वळल्या. राजांचा उजवा हात हळूच शेल्याखाली गेला.

"अरे, बघताय काय?" ते ओरडले. "तराजू आणा!"