झऱ्याकाठची हरणी

बकुळीचा पाय घरात ठरत नसे. ठरणार कसा? रानाच्या कडेला तिची इवलीशी झोपडी, आणि झोपडीत आई अंथरुणाला खिळलेली. लाकडं गोळा करताना आई उतारावरून घसरली, तेव्हापासून तिच्या पायांत बळच उरलं नव्हतं.

"बकुळे, रान पाहायला जीव तरसलाय गं," ती म्हणायची.

बकुळीला वाटे, भिंतीवर सगळं रानच रंगवून टाकावं. आईला पडल्या पडल्या दिसेल!

पण रान कुठं थांबतं? निळाशार खंड्या काढायला जावं, तर तो भुर्रकन उडे. खारुताईची झुपकेदार शेपटी खडकावर रेखाटेपर्यंत खारुताई थेट शेंड्यावर! पानं सळसळत, ढग पळत. हातात कोळसा घेऊन बकुळी या झाडाखालून त्या झाडाखाली धावे, आणि जमे ती नुसती अर्धीमुर्धी रेघ.

एका दुपारी झऱ्याकाठी ती रडकुंडीला आली. तेवढ्यात पांढऱ्याशुभ्र फुलांतून चमचम करत एक चिमुकली परी उतरली. पंख फुलपाखराचे, झगा मोरपिशी.

"काय झालं गं, राणी?"

"सगळे पळून जातात! जरा थांबले असते, तर आईसाठी काढलं असतं."

परीनं तिला एक सोनेरी कुंचला दिला. "ज्याच्याकडे बघून हा फिरवशील, ते जागच्या जागी थांबेल. पण एक सांगते. ऊन डोंगराआड जायच्या आत याच झऱ्याच्या पाण्यानं चित्र धुऊन टाकायचं. मगच ते सुटेल. नाहीतर ते कायमचं चित्रातच राहील."

परी फुलांत दिसेनाशी झाली. समोर एक ठिपक्याठिपक्यांची हरणी पाणी पीत होती. बकुळीनं जुन्या लुगड्याचा तुकडा पसरला आणि कुंचला फिरवला. हरणी थिजली. पाण्याचा थेंबसुद्धा तिच्या ओठाशी लोंबत राहिला! बकुळीनं तिचे टपोरे डोळे काढले, मऊ मऊ कान काढले, पाठीवरचा ठिपका न् ठिपका काढला. इतकं सुंदर चित्र तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

ऊन कलू लागलं. झोपडी लांब होती. चित्र आईला दाखवून परत यायला वेळच नव्हता.

'धुवायचं? इतकं छान चित्र?' तिनं तुकडा छातीशी धरला आणि ती घराकडे पळत सुटली.

मागून बारीक आवाज आला. एक पाडस त्या थिजलेल्या हरणीला नाकानं ढुशी देत होतं. हरणी हलेना. पाडस पुन्हा तिला बिलगलं, पुन्हा ओरडलं. बकुळी थबकली. एकदा तिनं घराकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे. ऊन आता केशरी झालं होतं.

ती माघारी धावली. ठेचकाळली, उठली आणि तुकडा तिनं झऱ्यात बुडवला.

रंग वाहून गेले. हरणीनं कान फडफडवले आणि एकच उंच झेप घेतली! मागोमाग पाडस. झाडीत नुसती सोनेरी लकेर उरली.

परी पुन्हा समोर उभी होती. "चित्र तर गेलं. आता काय नेणार घरी?"

डोळे पुसत बकुळी म्हणाली, "पण ती कशी उडाली, पाहिलंत? थांबली होती तेव्हा इतकी छान दिसतच नव्हती!"

परी हसली. तिनं कुंचला परत घेतला आणि बकुळीच्या बोटांवर अलगद फुंकर घातली. "आता कुणाला थांबवू नकोस. पळणारं पळतंच काढ."

सकाळी बकुळीनं गेरू कालवला, पानांचा हिरवा रस काढला. बोटं भिंतीवर झरझर धावू लागली. झरा उसळला, खंड्यानं सूर मारला, हरणी झेपावली.

"अगं बाई, निघाली की ही!" आई ओरडली, आणि तिला धरायला भान विसरून उठली.

खिडकीतून सोनेरी कण भुरभुरले. आईचे पाय थरथरले, मग जमिनीवर घट्ट टेकले. बकुळीनं वर पाहिलं. मोरपिशी झगा क्षणभर लखलखला, उजेडात उजेड मिसळला आणि परी दिसेनाशी झाली.

"चल गं लवकर," आई म्हणाली, "मला खरं रान बघायचंय."