चिखल वाचणारी फळी

मोटारी यायच्या आधीची ही गोष्ट. मिरजेच्या दस्तगीरमामूंच्या टांग्याला पुढे एक आडवी फळी होती. बिजली घोडीच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांवर येऊ नये, एवढंच त्या फळीचं काम. साहेबलोक तिला डॅशबोर्ड म्हणत.

शेजारचा पितळी कंदील तिला रोज चिडवायचा, "अगं, तोंड तरी धू! लोक तुला बघून नाकं मुरडतात."

फळी नुसती हसायची. तिला तो चिखल आवडायचा, कारण त्यात दिवसभराची सगळी वाट असायची.

एकदा मामू तिला धुवायला बादली घेऊन आले आणि थबकले. फळीची डावी बाजू चिखलाने माखली होती, उजवी जवळजवळ कोरडी. "म्हणजे बिजली मागचा उजवा पाय नीट उचलतच नाहीये!" त्यांनी खूर पाहिला, तर त्यात टोकदार खडा रुतलेला. आणखी एक फेरी झाली असती, तर घोडी कायमची लंगडली असती.

त्या दिवसापासून मामू फळी आधी वाचायचे आणि मगच धुवायचे.

आता कॉम्प्युटरवर आकडे दाखवणाऱ्या पडद्यालाही डॅशबोर्डच म्हणतात. कंदील मात्र खडा सापडला त्याच संध्याकाळपासून हळूच विचारू लागला होता, "फळीताई, आज काय लिहिलंय गं?"