पहिला भार

एकदा एका कारखान्यात स्प्रिंगा वळणारे एक वृद्ध कारागीर होते, केरबातात्या. त्यांच्या हाताखाली विश्राम नावाचा एक गृहस्थ काम शिकत असे. वर्षापूर्वी त्याची बायको वारली. लहानग्या लेकीला गावी बहिणीकडे ठेवून तो कारखान्यामागच्या खोलीत एकटाच राही. लेक रोज फोनवर विचारी, "बाबा, तू कधी येणार?" हा म्हणे, "बघू." तिचा तो हसरा बाप आता उरला नाही, मग कोणत्या तोंडाने जायचे, हे दुःख त्याला आतून खात होते.

एके सकाळी तात्या यंत्र लावून चहाला गेले. विश्रामने पहिली स्प्रिंग मोजली, तर ड्रॉइंगमधल्या मापापेक्षा चांगली बोटभर उंच! "म्हातारबुवांची नजर गेली वाटतं," असे पुटपुटत त्याने वेढ्यांमधले अंतर कमी केले आणि टोपलीभर स्प्रिंगा अगदी मापात काढल्या. शहाणपणाला एवढी घाई बरी नव्हे, पण सांगणार कोण?

तात्या परतले. रागावले मात्र नाहीत. विश्रामची एक स्प्रिंग आणि ती पहिली उंच स्प्रिंग त्यांनी प्रेसखाली वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबली. सोडल्यावर विश्रामची आखूड भरली. तात्यांची नेमकी मापात आली.

"अरे देवा! सगळी टोपली वाया गेली की!"

"जाऊ दे टोपली," तात्या म्हणाले. "पहिला पुरा भार आला की स्प्रिंग थोडी खचतेच. म्हणून यंत्र लावतानाच उंची जास्त धरायची. आता ही माझी पुन्हा दाब."

विश्रामने दाबली. पुन्हा दाबली. दर वेळी ती त्याच उंचीला परत आली.

"खचायची तेवढी खचली. आता हीच तिची उंची, आणि एवढ्या उंचीवर ती जन्मभर भार पेलेल." तात्यांनी ती स्प्रिंग हातात घेतली. "आमची कारभारीण गेली, तेव्हा मी पुन्हा पहिल्यासारखा होईन आणि मग पोराला जवळ घेईन, म्हणून थांबलो. पहिल्यासारखा काही झालो नाही. पोरगं मात्र परकं झालं. आता घरी बोलायला भिंती आहेत."

विश्रामला हुंदका आवरेना. तो बाहेर गेला आणि त्याने स्वतः फोन लावला.

"उद्याच्या एसटीने येतो, बाळा. पण बाबा आता पूर्वीइतका हसत नाही हं."

पलीकडून पोर म्हणाली, "चालेल. तू ये फक्त."