चैतीबायनं पुसलेला चौक

आज करवंदपाड्याच्या उतारावर मोगरा फुलतो ना, तिथं फार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नुसती कुसळं असायची. नदी खाली दरीत आणि शेतं वर डोंगरावर. दिवाळी सरली की मुकादमाचा टेम्पो यायचा आणि अख्खा पाडा वीटभट्टीवर जायचा.

तेव्हा पाड्यात चैतीबाय राहायची. ती वारल्यांची धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. ती गायला लागली की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गप्प बसायच्या, असं म्हणतात.

एका वर्षी पाड्यातल्या बायांना मिळून सौरपंप मिळाला. शेतात काळ्या काचेच्या पाट्या उभ्या राहिल्या. ऊन पडलं की नदीचं पाणी नळीतून डोंगर चढून यायचं. बायांनी मोगऱ्याची रोपं लावली आणि ठरवलं, यंदा भट्टीवर जायचं नाही.

चैतीबाय म्हणाली, "अगं, सूर्य आणि नदी एक झाले. यांचं लगीन नको लावायला?"

वारल्यांचं लग्न चौकाशिवाय, म्हणजे तांदळाच्या पिठानं काढलेल्या लग्नाच्या चित्राशिवाय होत नाही. मग बायांनी तांदूळ वाटला आणि सगळ्या पाट्यांवर दाट, पांढराशुभ्र चौक काढला. गाणी झाली, नाच झाला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रोपांनी माना टाकल्या. तेवढ्यात मुकादम आला.

"काय गं बायांनो, नवरदेव रुसला वाटतं? चला, बसा टेम्पोत!"

काही जणी बोचकी बांधायला लागल्या. चैतीबाय मात्र पाट्यांपाशी बसून राहिली. इतक्यात तिची शेळी आली आणि पाट्यांवरचा तांदूळ चाटू लागली. चाटलेली काच उन्हात चमकली आणि नळीत गुडगुड वाजलं.

"अगं बाय!" चैतीबाय उठलीच. "आपण नवऱ्याचे डोळेच लिंपून टाकले की!"

पण काढलेला चौक कुणी हातानं पुसत नसे. पुसणारीचं वाईट होतं, अशी भीती.

"शेळीलाच चाटू दे ना सगळं," एक जण म्हणाली.

"तोवर रोपं मरतील गं. मी काढायला लावला, मीच पुसते. व्हायचं ते मला होऊ दे."

तिनं घरातलं प्यायचं पाणी आणलं, पाट्यांवर ओतलं आणि लुगड्याच्या पदरानं चौक पुसला.

पाणी आलं ते पेजेसारखं पांढरं आलं, असं म्हणतात. ते ताडाच्या शेंड्याएवढं उडालं आणि मुकादमाला पार भिजवून गेलं. टेम्पो रिकामाच परतला. चैतीबायला काही झालं नाही. फक्त पदरावरचा पांढरा डाग कधी गेला नाही, आणि उन्हात तो चांदण्यासारखा चमकायचा, असं म्हणतात.

आजही दिवाळीनंतर करवंदपाड्याच्या बाया आधी पदरानं पाट्या पुसतात. चौक काढतात तो पाट्यांखाली, सावलीत. आणि मोगऱ्याचा पहिला गजरा कुणी केसांत माळत नाही, देवालाही वाहत नाही. तो शेळीच्या शिंगांना बांधतात. शेळी मान झटकून तो पाडते आणि खाऊन टाकते. मग बाया हसतात आणि म्हणतात, "पोचला गं चैतीबायला."