झोपेला आलेलं शेत

एक होता हैबती. राजा नव्हता, बरं का. राजे नांगर धरत नाहीत, नुसत्या मिशा धरतात. हैबती म्हणायचा, "माझ्यासारखा नांगर धरणारा उभ्या मुलखात नाही!" आणि लगेच हळूच म्हणायचा, "मुलूख म्हणजे आपली आळी. तिच्यात घरं दोन, आणि दुसऱ्याकडं नांगरच नाही."

त्याची बायको सारजा. त्याचे बैल पाखऱ्या आणि हौशा. बैलांवर हैबतीचा भारी जीव. आपल्या ताटातली भाकरी त्यांना भरवायचा. आणि दिवसभर त्यांना दमवायचाही तोच.

शेत दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. उभं नांगरायचा, आडवं नांगरायचा, मग पुन्हा उभं. कापणीनंतर उरलेली धसकटं वेचून जाळायचा. काडी दिसली की उचलायचा. शेत कसं सारवलेल्या अंगणासारखं! आता अंगणात पिकतं का काही? शेतातही पिकेना. ज्वारी वीतभर वाढायची नि मान टाकायची. कडबा मूठभर.

मग सारजा म्हणाली, "औंदा कडबा झाला नाही, तर बैल माझ्या भावाकडं जातील. दावणीला उपाशी नाही ठेवायचे मी."

हैबती धावत शेतात गेला आणि नांगर आणखी खोल रोवला.

तेवढ्यात काय झालं? शेतानं जांभई दिली! एवढी मोठी, की नांगर आत जाऊन बाहेर आला. शेत म्हणालं, "मला भूक लागलीय, ऊन भाजतंय, आणि मेल्या, तू झोपू देत नाहीस."

तुमच्यासारखंच की! निजायची वेळ झाली की सगळं आठवतं.

मग हैबतीनं पुरणपोळी आणली, तूप घालून शेतात ठेवली. मुंग्यांची दिवाळी झाली. शेत म्हणालं, "वेड्या, तू खातोस ते नको. तू टाकतोस ते दे." मग त्यानं उकिरड्यातलं कुजून काळं झालेलं शेणखत पाट्या भरभरून आणलं. धनगराची मेंढरं मुक्कामाला बसवली. हसता काय? लेंड्या म्हणजे शेताचा खाऊ. शेतानं मोठी ढेकर दिली.

मग त्यानं सारजाची गोधडी शेतावर पांघरली. ती एका कोपऱ्यालाच पुरली. सारजा जे बोलली, ते लहान मुलांनी ऐकायचं नसतं. शेत म्हणालं, "माझंच पांघरूण मला दे." मग त्यानं धसकटं राहू दिली, वर वाळलं गवत आणि पालापाचोळा अंथरला.

राहिली झोप. हैबतीनं नांगर जुंपला, आणि नांगरता नांगरता अंगाई म्हणू लागला! शेत ओरडलं, "अरे, बाळाचा पाळणा हलवायचा असतो, बाळ उलटंपालटं करायचं नसतं!"

मग नांगर गेला माळ्यावर. पाऊस पडून ओल झाली, सगळा गाव औतं घेऊन निघाला. हैबती हात काखेत दाबून बांधावर बसला. शेत घोरत होतं. मग त्यानं आणि सारजानं पाचोळा हळूच सारून काडीनं भोकं पाडली, दाणा टाकला, झाकला. तेही चवड्यांवर चालत, बरं का.

मग गांडुळं आली. त्यांनी आतल्या आत बारीक नांगरट केली, शेताला गुदगुल्या होतील एवढीच. पाणी वाहून जाईना, तिथंच मुरू लागलं.

सुगीला सारजाचा भाऊ केरबा दावं घेऊन आला. "दाजी, सोडू का बैल?" हैबती पाय ओढत गोठ्याकडं निघाला. गोठ्यात बघतात, तर बैल नाहीत! शेतावर गेले, तिथंही दिसेनात. नुसत्या घुंगरमाळा वाजत होत्या. पाखऱ्या आणि हौशा ज्वारीत शिरले होते, आणि ज्वारी त्यांच्या शिंगांच्या वर गेली होती! आभाळाला टेकली नव्हती, खोटं कशाला बोला. पण दोन बैल लपले. केरबानं कापणीला हात लावला आणि त्याच दाव्यानं कडब्याचा भारा बांधला.

बैल घरीच राहिले. सगळे पोटभर जेवले, सुखात नांदले. शेत निजलं, बैल निजले, तुम्हीही मिटा डोळे.

हैबती तेवढा अंथरुणावर पडून म्हणाला, "सारजे, पाहिलास ना माझ्या हाताचा गुण?"

सारजा कूस बदलून म्हणाली, "शेतानं एका सुगीत तुम्हाला गप बसवलं. मला लग्नापासून जमलं नाही."