रेवाच्या आईला सगळं कळलं

एका गावात एक भोळी आई होती. भोळी म्हणजे अडाणी नव्हे. चांगली एम.ए., बी.एड. झालेली होती. नाव सुमेधा. बारशाला नाव ठेवणाऱ्यांनी जरा घाईच केली होती.

सुमेधाला एकच मुलगी, नऊ वर्षांची रेवा. आणि एकच काम, काळजी. रेवा शिंकली की सर्दी झाली. शिंकली नाही, तर सर्दी छातीत उतरली.

गावात इंदूअक्कांचं रानपाखरू पथक होतं. दर रविवारी अक्का पोरांना माळावर न्यायच्या. झाडावर चढा, गाठी मारा, चूल पेटवा, वाट शोधा. आणि सुट्टी संपायच्या आत टेकडीवर तंबूत एक रात्र मुक्काम. रेवाचा सगळा जीव त्या मुक्कामात अडकला होता.

"मला न्याल ना, अक्का?"

"तू होशील गं तयार. तुझ्या आईचंच कठीण आहे. ज्यांच्या आया घरी थांबतात, त्यांनाच मी नेते."

सुमेधाने ठरवलं, अक्का सांगतील ते तंतोतंत पाळायचं. पोरीसाठी एवढं तरी करायलाच हवं.

पहिल्या रविवारी ती माळावर आली ती रेवाची पिशवी, बाटली, टोपी, छत्री आणि भर उन्हाळ्यात स्वेटर घेऊन. मागून रेवा मोकळ्या हातांनी. अक्का म्हणाल्या, "अगं, ज्याचं ओझं त्याने उचलावं. आपण हात लावायचा नाही."

"कळलं," सुमेधा म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई एसटीतून उतरल्या. गुडघे धरलेले, एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात फणस. सुमेधा त्यांना आणायला गेली होती. हात मागे बांधून शेजारून चालत राहिली.

"अगं, फणस तरी घे!"

"छे छे, आई. ज्याचं ओझं त्याने उचलावं."

घरी पोचल्यावर सासूबाईंच्या हातातून आधी फणस उतरला, मग मनातून सून उतरली.

ही बातमी अक्कांपर्यंत गेली. "अगं, ते पोरांसाठी! म्हातारं माणूस दिसलं की विचारत बसू नये. पुढे व्हावं, त्यांच्या हातातलं आपल्या हातात घ्यावं."

"कळलं."

पुढच्या रविवारी वाटेत एक आजोबा दिसले. शिडी धरून उभे होते. वर त्यांचा मुलगा कौलं शाकारून आता उतरायला पाय खाली सोडत होता. सुमेधा विचारत बसली नाही. पुढे झाली, शिडी घेतली. "असू द्या हो आजोबा, या वयात कशाला!" असं म्हणून चालू लागली.

"बाबा, शिडी कुठाय?" मुलगा वळचणीला लोंबकळत ओरडला.

"नेली," आजोबा म्हणाले.

अक्कांनी कपाळाला हात लावला. "बाई गं! आधी उभं राहून बघावं तरी. रानात आम्ही पोरांना हेच शिकवतो. हलायचं नाही, आवाज करायचा नाही, जे दिसतं ते नीट न्याहाळायचं."

"कळलं."

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या कुरडया अंगणात वाळत होत्या आणि फाटकातून शेळी आत आली. सुमेधा जागच्या जागी थिजली. श्वासही हळू घेऊ लागली. शेळी तांबडी. एक शिंग मोडकं. आधी कुरडया खाते, मग सांडगे, मग सासूबाईंचं लुगडं.

"अगं, हाकल तिला!" सासूबाई आतून ओरडल्या.

"श्शू! हळू, आई. तिचं अजून चाललंय."

शेवटी रेवाच धावत आली. पथकात शिकलेली गाठ मारून तिने शेळी बांधली आणि मालकाच्या दारात नेऊन सोडली.

"नुसतं बघत काय राहायचं!" अक्का म्हणाल्या. "संकट दिसलं की शिट्टी वाजवायची. जोरात. शिट्टी ऐकली की माणसं हातातलं टाकून धावत येतात." आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून सुमेधाला दिली. शहाण्या माणसांच्या हातूनही कधी कधी असं होतं.

"कळलं," सुमेधा म्हणाली.

मुक्कामाचा दिवस आला. पोरांना पोचवायला पालकांनी वर यायचं, दिवस मावळायच्या आत खाली उतरायचं, असं अक्कांनी बजावलं होतं. रेवाने तंबू ठोकला. चूल पेटवली. कांदा चिरला. सुमेधाने पोरीची बोटं दोनदा मोजली. सगळी जागेवर होती.

"पिल्लू, मी निघू?"

"हं."

"खरंच निघू?"

"जा ना गं आई. खिचडी लागेल."

सुमेधा वळणापर्यंत गेली. थांबली. मागे वळून बघितलं. नीट न्याहाळलं. संकट दिसलं. तिने शिट्टी तोंडात धरली आणि होता नव्हता तेवढा दम लावून फुंकली.

पोरं हातातलं टाकून धावली. तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकून तंबू आडवे झाले. खिचडी लागली. खालून गावकरी काठ्या घेऊन चढले. कुणी बिबट्या म्हणालं, कुणी दोन बिबटे. मुलांना आता इथे एक क्षणही ठेवायचं नाही, असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं आणि ज्याने त्याने आपापलं पोर उचललं. मुक्काम मोडला. रेवा तेवढी मलमपट्टीचा डबा घेऊन आईपाशी उभी होती. "कुठे लागलंय, आई?"

अक्का धापा टाकत पोचल्या. "काय गं? काय दिसलं तुला?"

सुमेधाने रेवाकडे बोट दाखवलं.

"अहो, ही बघा ना, अक्का! हिला माझ्यावाचून काहीच अडत नाहीये!"